शेवटच्या विटेआधी

झेनोबी: त्या खुर्चीत नको बसूस, आर्सेन. तिथं हे बसलेत.

आर्सेन: हे कोण?

झेनोबी: उगाच साळसूदपणा नको. तुझे मास्तर, माझा नवरा. ज्यांच्या मयतात तू पुढच्या रांगेत ट्रॉम्बोन वाजवत होतास, ते. तू इकडे पलंगावर बस.

आर्सेन: काकू, मास्तरांना जाऊन चार महिने झाले. मी निरोप घ्यायला आलोय. पाचला शिकागोची गाडी आहे माझी, आणि तुम्ही हे काय...

झेनोबी: म्हातारीला चळ लागलाय असं म्हणायचंय ना? म्हण की. कॉफी घे आधी. चार महिन्यांत आज उगवलास, तोही न्यू ऑर्लिन्स सोडून जाताना.

आर्सेन: उसंतच नाही हो. तळ्यावरचे नाच, शनिवारी बँडच्या गाडीत बसून गावभर वाजवत फिरायचं. परवाचं ऐकलंत की नाही? चौकात दुसऱ्या बँडची गाडी समोर आली. कुणी पळू नये म्हणून लोकांनी दोन्ही गाड्यांची चाकं साखळीनं बांधली आणि म्हणाले, आता होऊन जाऊ द्या. त्यांचा ट्रॉम्बोनवाला म्हणजे केवढा दांडगा! अर्ध्या तासात खाली उतरला आणि घरी गेला. लोक म्हणत होते, हा आर्सेन एकटा दोघांचं वाजवतो.

झेनोबी: बरोबरच म्हणत होते.

आर्सेन: म्हणजे?

झेनोबी: परवा हे घरी आले तेव्हा ओठ फाटले होते. वाटीत कोमट पाणी दिलं, तर त्यात तोंड बुडवून बसून राहिले. पाणी लाल झालं. मेलेल्या माणसाला रक्त कुठून येतं, तूच सांग.

आर्सेन: पुरे हो काकू. अंगावर काटा येतो.

झेनोबी: माझ्या नाही येत आता. रोजचंच झालंय. मयताच्या दिवशी दफनभूमीतून घरी आले, तर हे माझ्याआधी येऊन खुर्चीत. मी आधी किंचाळलेच. मग विचारलं, काय हवंय तुम्हाला? बोलत नाहीत. चार महिन्यांत एक शब्द नाही. नुसते दिसतात. तू वाजवायला निघालास की उठून जातात आणि दमून परत येतात. तुला दिसतात का?

आर्सेन: नाही.

झेनोबी: खरं सांग.

आर्सेन: खरंच दिसत नाहीत. ऐकू येतात.

झेनोबी: अस्सं.

आर्सेन: त्याच दिवशी सुरू झालं, तळ्यावर. मी फुंकलं, तर डाव्या कानाशी कुणीतरी खालचा सूर धरला. मला वाटलं, पाण्यावरून आवाज फिरून येतोय. मग माझा दम जिथं संपायचा तिथून ते पुढं न्यायला लागले. आता तर माझ्याच नळीतून त्यांचं येतं. मी नुसता हात पुढंमागं करतो.

झेनोबी: आणि गप्प बसलास, चोरा.

आर्सेन: कुणाला सांगणार? कोण विश्वास ठेवणार?

झेनोबी: मी ठेवला असता! मला सांगायचंस! पण तुला सांगायचंच नव्हतं. त्या दिवशी घाई कसली होती रे? गवंडी जमिनीवर बांधलेल्या थडग्याचं तोंड विटांनी बुजवत होता. एक वीट राहिली होती, एकच. बँडच्या म्होरक्यानं खूण केली नव्हती, आवाज दबावा म्हणून ढोलावर घातलेला रुमालसुद्धा कुणी काढला नव्हता. आणि थडगं पुरतं बंद झाल्यावर नाचत घरी फिरताना वाजवायची ती परतीची गत तू सुरू केलीस. तू वाजवलंस म्हणून सगळा बँड वाजवायला लागला, लोक छत्र्या उघडून नाचायला लागले. त्या फटीतून ह्यांनी ऐकलं. जन्मभर ती गत वाजली की ह्यांचे पाय घराकडे वळायचे. त्या दिवशी कसे राहतील आत? आले तुमच्याबरोबर नाचत.

आर्सेन: चारला तळ्यावर नाच होता, काकू. मास्तरांच्या जागी पहिल्यांदाच मला बोलावलं होतं. म्हटलं, एका विटेनं काय होतंय.

झेनोबी: काय झालं ते बघतोयस ना? ज्यानं बोलावून आणलं त्यानंच पोचवून यायचं. दफनभूमी इथून चार गल्ल्या. तू मयताची संथ गत वाजवत पुढं हो, मी ह्यांना घेऊन मागून येते. गवंड्याला सांगून ठेवलंय, तो वीट काढून बसलाय. पाचच्या आत मोकळा होशील.

आर्सेन: आणि मग शिकागोत मी काय वाजवू?

झेनोबी: तुझं स्वतःचं वाजव.

आर्सेन: माझं स्वतःचं! ग्रामोफोनची तबकडी काढणार आहेत तिथं. आपल्या गल्लीतल्या कुणाचं वाजवणं तबकडीवर गेलंय आजवर? दिवसभर लोकांच्या भिंतींना गिलावा करायचा आणि चुन्यानं फुटलेल्या हातांनी संध्याकाळी हे वाद्य धरायचं. दहा वर्षं वाट बघितली मी.

झेनोबी: ह्यांनी चाळीस बघितली. कुणी विचारलं नाही. शेवटी मेले, म्हटलं सुटले. पण मेल्यावरही माणसाला सुट्टी नाही म्हणजे काय? आर्सेन, मला बघवत नाही रे. परवा ह्यांची मान उभी राहीना. मी उशी लावून बसवलं.

आर्सेन: मला नका हो हे सांगू.

झेनोबी: कुणाला सांगू मग? तू घाबरतोयस, एवढंच. तुझं तुला येतं. ह्यांनीच शिकवलंय ना? काढ पेटीतून. मी ह्यांचे हात धरून ठेवते. एकटा वाजवून बघ, तुझी भीती जाईल.

(आर्सेन वाजवतो. झेनोबी रिकाम्या खुर्चीसमोर वाकून, दोन्ही मुठी आवळून उभी.)

आर्सेन: ऐकलंत?

झेनोबी: चांगलं होतं की.

आर्सेन: खोटं नका बोलू. चाळीस वर्षं ट्रॉम्बोनवाल्याच्या घरात काढलीत तुम्ही.

झेनोबी: सरावानं येईल. वर्षभर नेटानं केलंस तर...

आर्सेन: तबकडी शुक्रवारी आहे.

झेनोबी: आर्सेन.

आर्सेन: सोडा त्यांचे हात.

झेनोबी: हात जोडते तुझ्यापुढं.

आर्सेन: सोडा, काकू. तीन तबकड्या, बस्स. मग घेऊन येतो परत, देवाशप्पथ. मी स्वतः वीट लावीन, वरून गिलावा करीन.

झेनोबी: शिकागोला गेलेला कोण परत आलाय ह्या गल्लीत? एकाचं नाव सांग.

आर्सेन: मी येईन.

झेनोबी: उठले बघ. तू पेटी मिटलीस आणि हे उठले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आर्सेन: माफ करा मला.

झेनोबी: नाही करत. कधीच नाही करणार. थांब, दारामागचा तो लांब कोट घे.

आर्सेन: आहे माझ्याकडे कोट.

झेनोबी: तुझ्यासाठी नाही. शिकागोत बर्फ पडतं म्हणे. ह्यांच्या अंगात मयताचा कोट आहे. प्रेताला चढवताना पाठीवर उभा कापतात तो. मागून सगळी पाठ उघडी आहे. हा टाक त्यांच्या खांद्यावर.

आर्सेन: मला दिसत नाहीत ते. कुठं टाकू?

झेनोबी: डाव्या हाताला. थोडा वर धर. हां, सोड आता.

आर्सेन: काकू... खाली पडला नाही.

झेनोबी: कसा पडेल? नीघ आता, गाडी चुकेल. आणि आर्सेन...

आर्सेन: काय?

झेनोबी: जरा हळू चाल. त्यांचा गुडघा दुखतो.