आमच्या ह्यांनी जग वाचवलं

नाही, पण मी म्हणते, माणसाला जग वाचवायचंच असेल तर त्यानं खुशाल वाचवावं, पण त्याआधी स्वतःचं जेवलेलं ताट तरी उचलून ठेवावं की नाही? का जग वाचवणाऱ्यांची ताटं देव येऊन विसळतो? तुम्हाला सांगते, आमचे हे त्या सोफ्यावर असे आडवे, प्लास्टरमधला पाय उशीवर, हातात ते दोन दांड्यांचं रिमोट, बाजूला खरकटं ताट, आणि मी म्हटलं, "अहो, ताट!" तर मला म्हणतात कसे, "थांब, आकाश फाटतंय." आकाश फाटतंय म्हणे! मी म्हटलं, फाटू दे, पण ताटावर माशा बसतायत त्याचं काय? तर मान न वळवता, "अगं, खेळ आहे तो, खेळ! तुला नाही कळायचं."

नाहीच कळत मला. पण ऐका तर खरं.

आमचे हे धुलाईच्या कारखान्यात कामाला. म्हणजे हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, दवाखान्याचे अंगरखे, सगळं तिथे येतं, धुतलं जातं, इस्त्री होऊन परत जातं. हे तिथे एका पाळीचे प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, तर हाताखाली माणसं तीन, आणि त्या तिघांनी टाकलेलं सगळं काम करणारे हे चौथे. आणि पडले कशावरून माहितीय? लोक शिडीवरून पडतात, गाडीवरून पडतात, चार माणसांत सांगायला तरी बरं वाटतं. आमचे हे ओल्या टॉवेलवरून घसरले! नडगी मोडली. आणि माझा धाकटा भाऊ, जो जन्मात कधी कुणाच्या उपयोगी पडला नाही, तो नेमका त्याच वेळी उपयोगी पडायला आला. "भावोजी, पडून पडून कंटाळाल, हा घ्या जपानी खेळ, वेळ मजेत जाईल." वेळ गेला हो! पण जाता जाता सगळंच घेऊन गेला.

आता जपानी माणसं म्हणे फार कामसू, फार वक्तशीर. मग हा खेळ कुणी केला? संपतच नाही! एक पोरगं असतं, मिसरूड फुटायचंय अजून, केस असे उभे की कंगव्यानं राजीनामा द्यावा. त्याच्यावर जग वाचवायची जबाबदारी. का, मोठी माणसं मेली सगळी? नाही, मोठी माणसं आहेत, दारात उभी राहून तेच तेच वाक्य बोलतायत. तिकडे आकाशाला भोक पडलंय, राक्षस उतरतायत, आणि हे पोरगं काय करतंय? तर एका म्हातारीचं हरवलेलं मांजर शोधतंय! मी म्हटलं, अहो, जग बुडतंय ना? तर म्हणतात, "बुडायचं थांबतं ते. मांजर सापडलं की चांगली अंगठी मिळते." आणि बोलणं तर काय विचारता! मारामारीच्या आधी बोलतात, मारामारी झाली की बोलतात, भोसकलेला माणूस खाली कोसळतो आणि त्याला बोलायचं असतंच! माझी भाजी चिरून झाली, शिजून झाली, तरी त्याचं मरण काही आटपेना.

बरं, त्या पोराबरोबर तीन साथीदार असतात आणि चौघांचीही नावं आपणच ठेवायची असतात. इथे घात झाला. आता दुसरा एखादा नवरा असता तर म्हणाला असता, बायको एवढं करते, तिचं नाव देऊ. आमच्या ह्यांनी काय केलं? त्या पोराला नाव दिलं 'दादा', कारण कारखान्यात ह्यांना दादा म्हणतात. आणि तीन साथीदारांना दिली हाताखालच्या तिघांची नावं! इस्त्रीच्या रुळावर बसतात त्या मावशी, डाग काढतो तो डागवाला आणि माल पोचवायची गाडी चालवतो तो भोंगा. भोंगा का, ते दोन मिनिटं त्याच्याशेजारी उभं राहिलात की कळेल. मी विचारलं, आणि मी कुठाय? तर म्हणतात, "तू आहेस ना! ती बघ, ती धर्मशाळेतली बाई, जिच्याकडे जाऊन झोपलं की सगळे ठणठणीत होतात." अहो, ती फक्त "या, आराम करा" एवढंच म्हणते! दिवसभर! आणि बरं, ती नुसती ह्यांनी मानलेली, तिला नावसुद्धा नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तर हे आपले, "अगं, खेळच आहे तो!"

आणि त्यातच साहेबांचा फोन आला.

साहेब म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक, आवाज असा मऊ की धमकीसुद्धा पावडर लावून येते. "तुमच्या पाळीतलं एक माणूस कमी करायचंय. कोण, ते तुम्हीच ठरवा. पाय बरा झाला की कामावर याल, तेव्हा एक नाव सांगा, बस." फोन ठेवला आणि ह्यांची पाचावर धारण बसली. कारण माझ्या नवऱ्यानं जन्मात कुणाला दुखावलेलं नाही हो, मला सोडून. सगळ्यांनी चांगलं म्हटलं पाहिजे! मी म्हटलं, त्यात काय एवढं? मावशी रुळावर बसून डुलक्या काढतात, डागवाल्यानं डाग काढला की कापड भोकासकट परत येतं आणि भोंग्याची गाडी रोज एका चहाच्या टपरीपाशी 'बंद पडते'. डोळे मिटून बोट ठेवा! हे म्हणाले, "असं कसं? माणसं आहेत गं ती." आणि लागले खेळायला.

आता अशी बातमी दाबून राहते का? तिसऱ्या दिवशी तिघं दारात हजर. "दादा, पाय कसा आहे?" पायाकडे बघतंय कोण! आणि भोंग्याचं लक्ष गेलं टीव्हीकडे. "अरे, हे काय? मी? हा मी?" झालं. भोंगा, ज्याचं तोंड झोपेतसुद्धा मिटत नाही, तो खेळात एका डोळ्याचा मुका तलवारवाला. मावशी म्हणजे निळ्या केसांची सडसडीत पोरगी, धनुष्यबाण घेतलेली. मावशींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "इश्श, मी इतकी बारीक आहे होय!" आणि डागवाला म्हणजे चिलखत घातलेला एक गुबगुबीत बोलका कोल्हा. तो म्हणाला, "दादा, मी जनावर?" आमचे हे समजूत काढतात, "अरे, फार गुणी आहे तो कोल्हा!" आणि मग ह्या भोळ्या सांबानं माझ्या भावाकडून ऐकलेला शेवट स्वतःहून सांगून टाकला, की आकाशातलं दार आतून बंद करावं लागतं, एकाला आत सोडून यावं लागतं आणि कुणाला सोडायचं ते आपणच निवडायचं. तिघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की मला इथे काटा आला.

आणि तेव्हापासून आमच्या घरी रांग! अहो, मावशी आल्या आणि न सांगता माझे पडदे इस्त्री करून गेल्या, आणि जाता जाता म्हणाल्या, "दादा, माझ्या त्या पोरीला जरा बरं चिलखत घाला ना, गारठत असेल." डागवाल्यानं सोफ्यावरचा डाग काढला... म्हणजे आता तिथे डाग नाही आणि सोफाही नाही. भोंगा ह्यांना गाडीतून डॉक्टरांकडे न्यायचा, मळक्या चादरींच्या ढिगावर झोपवून, आणि वाटेत कानाशी गुणगुण, "दादा, ती मांजराची अंगठी कुणाला देणार?" पन्नाशीची माणसं हो, एका खोट्या अंगठीसाठी आळवतायत! आणि एकमेकांवर उठली ती वेगळीच. खेळात कोल्हा जखमी होऊन पडला, ह्यांनी औषध काढलं, तर मावशी म्हणतात, "कशाला वाया घालवता? मरू दे की मेल्याला!" आणि डागवाला शेजारीच बसलेला, हातात माझ्या घरची बशी! तो म्हणाला, "मावशी, तुम्ही मागे उभ्या राहून बाण सोडता, मार आम्ही खातो." "मार खाऊन तरी काय उपयोग, कामावरही तेच!" मी चहा ओतता ओतता थांबले. हे मध्ये पडून म्हणतात, "अरे, खेळ आहे तो, खेळ!" पण त्या तिघांच्या तोंडावर खेळ दिसत नव्हता. तिथे पोट दिसत होतं. आणि साहेबांना काय सांगायचं, हे विचारलं की हे माझ्यावरच डाफरायचे, "बघू, आधी हा संपू दे."

संपला. रविवारी दुपारी संपला. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं, प्लास्टर निघालं होतं, कुबडी आली होती. तिघंही हजर, पडदे ओढलेले, माझ्याच बिस्किटांचा फडशा चाललेला. तो शेवटचा राक्षस काही मरेना. मेला म्हणून मी सुस्कारा सोडला तर त्याला पंख फुटले. पंख कापले तर म्हणतो, मीच देव. बरं बाबा, तू देव, पण मर! शेवटी मेला एकदाचा, जाता जाता भाषण ठोकून. आणि मग ते दार आलं. पडद्यावर चार नावं. मावशी, डागवाला, भोंगा, दादा. खाली लिहिलेलं, आत कोण राहणार?

मावशींनी पदर मुठीत धरलेला. भोंगा गप्प! भोंगा! ह्यांचा अंगठा मावशींवर गेला, मावशींचा चेहरा पांढरा. डागवाल्यावर गेला, त्यानं बिस्कीट खाली ठेवलं. भोंग्यावर गेला, परत वर आला... आणि ह्यांनी 'दादा'वर बोट दाबलं. स्वतःलाच निवडलं!

पण तो खेळ जपानी, असा कसा सोडेल? त्यानं विचारलं, नक्की? आणि काय सांगू तुम्हाला, खेळातले ते तिघं धावत आले. त्या निळ्या केसांच्या पोरीनं दादाचा हात धरला, "नको, जाऊ नकोस." कोल्हा पायाला मिठी मारून रडायला लागला. आणि तो मुका, इतके महिने ज्यानं तोंडातून शब्द काढला नाही, तो पुढे होऊन म्हणाला, "थांब. मी जातो." माझ्यासुद्धा डोळ्यांत पाणी आलं, मी कशाला लपवू! आणि ह्यांनी मान वळवून सोफ्यावरच्या खऱ्या तिघांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. बघत राहिले.

तर मावशी म्हणतात, "दादा, मन मोठं हो तुमचं!" डागवाला छताकडे बघतोय. आणि भोंगा, "दाबा दादा, दाबा, कशाला वेळ घालवता!"

ह्यांनी दाबलं. तिघांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवारी हे कुबडी टेकत कारखान्यात गेले. दारातच साहेब, हातात पुष्पगुच्छ! आजूबाजूला सगळा कारखाना गोळा. साहेबांनी ह्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "अहो, असा माणूस मी पाहिला नाही! मी एक नाव मागितलं आणि तुम्ही स्वतःचं दिलंत!" सकाळी लवकर जाऊन तिघांनी कान भरून ठेवलेले. हे घाबरेघुबरे झाले, "साहेब, नाही हो, तो खेळ होता, खेळ!" तर मावशींनी डोळ्याला पदर लावला. "बघा, बघा कसे हसण्यावारी नेतात! आमच्या जिवाला लागू नये म्हणून!" आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की ह्यांचं पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. का ऐकू आलं आणि तरी टाळ्या वाजवल्या, ते त्यांचं त्यांना माहीत. डागवाल्यानं जाता जाता ह्यांचे रबरी बूट मागून घेतले. म्हणाला, "आता तुम्हाला काय उपयोग?" दिले! ह्यांनी दिले हो!

घरी आले ते फुलं घेऊन, पायात चपला कुणाच्या तरी भलत्याच. मी खूप बोलले. तोंडाला येईल ते बोलले. अहो, साहेबांनी विचारलं होतं, एक नाव सांगायचं होतं, तुम्ही स्वतःलाच काय निवडलंत? ह्यांनी फुलं टेबलावर ठेवली, सोफ्याच्या त्या भोकात बोट घालत बसले आणि म्हणाले, "मला वाटलं, कुणीतरी अडवेल."

मी ताट वाढलं.

आणि आठवडा गेला नाही तोच साहेबांचा फोन. मी उचलला. मऊ आवाज, "वहिनी, दादा गेल्यापासून काम फार तुंबलंय हो. त्यांच्या जागी नाही म्हणता येणार, तेवढ्या पगाराची जागा आता नाहीच. पण चादरींच्या घड्या घालायला एक माणूस हवंय. पगार तसा निम्माच... तुम्ही याल का?"

मी सोफ्याकडे पाहिलं. ह्यांनी ऐकलं होतं. आता हे म्हणतील, नको, मी म्हणतो नको, त्या लोकांत तू जायचं नाहीस! मी रिसीव्हरवर हात ठेवून वाट बघत राहिले. हे म्हणाले, "जाताना दाराची कडी नीट लावून जा. मला उठवत नाही."

असो. बराच वेळ घेतला तुमचा. निघते मी... पाळी सुरू व्हायची वेळ झाली, आणि प्रमुख आता मावशी आहेत, त्यांना उशीर अजिबात चालत नाही.