तुला तू, मला तुम्ही

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं छोटे, तू होय! आवाज असा का येतोय तुझा? सर्दी झालीय?… रडतेयस?… थांब, थांब, मशीन कपडे पिळतंय, काही ऐकू येत नाहीये. बाहेर येते. हं, बोल आता. कोण काय म्हणालं तुला?

बाई? माझ्या बाई?… बरं, आपल्या. तीन महिने झालेत तुला जायला लागून, आपल्या म्हणायलाच हवं. काय केलं त्यांनी?

वर्तमानपत्राने झाकलं? अख्खं चित्र?… उजवी बाजू. आणि काय म्हणाल्या?… 'डावीकडचं तेवढं खरं आहे, बाकीचं लोकांना दाखवायला काढलंयस'… अरे देवा. असं तोंडावर?

नाही, नाही, वाईट वाटणारच. हो, हो… अगं ऐक ना. त्या एका वेळी एकालाच घेऊन बसतात, गाणारा असो की तुझ्यासारखी चित्रं काढणारी. समोर दुसरं कुणी नसतं, मग जे काय ते सगळं आपल्याच अंगावर येतं. म्हणूनच तर नेलं मी तुला तिथे… मला? नाही बाई, मला नाही कधी असं म्हणाल्या. मी गाणं म्हणते, त्या डोळे मिटून ऐकतात, मग डोळे उघडून म्हणतात, 'छान. पुढे?'… दर बुधवारी एक तास. दोन वर्षं. दोन वर्षं नुसतं छान!

हसू नकोस. आत्ता तर रडत होतीस!

एक मिनिट. काय म्हणालीस मघाशी? 'काढलंयस'? म्हणजे तुला तू म्हणतात?… कधीपासून?… पहिल्या दिवसापासून! अगं, मला 'तुम्ही'! 'या, बसा, खिडकी लावू का?' दातांच्या डॉक्टरकडे बसवतात तसं!

वय कशाला काढतेस? चार वर्षांचं तर अंतर आहे आपल्यात.

बरं, मग रडत रडत जिना उतरलीस… नाही? बसवून ठेवलं? किती वेळ?… अडीच तास! आणि तुझ्यानंतरचा तो बासरीवाला?… जिन्यातच बसून होता. बिचारा. मला एकदा पाच मिनिटं जास्त झाली तर घड्याळाकडे बघितलं होतं त्यांनी… हो, मोजते मी. मोजणारच.

आणि आज सकाळी फोन?… त्यांनी? आपणहून? काय म्हणे?… 'तुझं चित्र डोळ्यांपुढून हलत नाहीये.' वा. वा वा वा… नाही गं, चिडले नाहीये… बरं, चिडलेय. जळतेय म्हण. नाकाला मिरच्या झोंबल्यात म्हण! तू तुझं रडगाणं सांगायला फोन केलास आणि मला वाटतंय, मला का नाही कुणी असं रडवत? येत्या रविवारी साठ खुर्च्यांपुढे उभी राहणार आहे मी, ग्रंथालयाच्या हॉलमध्ये, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची गाणी घेऊन. आणि ती बरी आहेत की टाकाऊ, हे कुणी सांगायला तयार नाही. छान छान म्हणत केसाने गळा कापलाय माझा त्या बाईने!

तुझे भावोजी? त्यांना काय विचारायचं? त्यांना रेडिओवरची साबणाची जाहिरातही आवडते.

तू सांग… तू सांग ना. ते रविवारचं शेवटचं, आईचं गाणं पाठवलं होतं ना तुला? ऐकलंस?… मग?… नुसतं 'हं' काय? बोल की… अगं बोल, खात नाही मी तुला.

दुसरं कडवं. हं. आई वेणी घालते ते. त्याचं काय?

…

कोण म्हणतं माझी नाही घातली?

…

तुझीच घालायची. माहितीये मला! मला काय विचारतेस, मी होते ना तिथे! तुला आरशापुढे बसवून, दोन वेण्या, सावकाश. मला म्हणायची, तू शहाणी आहेस, तुझी तू घाल. आणि मी फणी घेऊन दाराशी उभी, की तुझी झाली की माझा नंबर लागेल. नऊ वर्षांची शहाणी!

अगं पण गाणं आहे ते! गाण्यातल्या आया वेण्या घालतातच, ऐकणाऱ्याला बरं वाटतं… काय?… हो. लोकांना दाखवायला. कळलं. दोनदा नको सांगूस.

…

आहे, आहे. फोनवरच आहे.

छोटे… त्यांनी विचारलं होतं गं. बाईंनी. पहिल्याच महिन्यात. गाणं पूर्ण नव्हतं तेव्हा, दोनच ओळी होत्या. मी म्हटल्या, त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, 'तुझी वेणी कोण घालायचं?'… हो, 'तुझी' म्हणाल्या. आत्ता आठवतंय मला. 'तुझी'! आणि मी काय म्हणावं? 'आईच घालायची, बाई.' अगदी हसून. त्यांनी जरा वेळ माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, 'छान. म्हणा पुढे.'

म्हणा. तेव्हापासून म्हणा.

नाही, रडत नाहीये. संताप आलाय… माझा. आईचा. आणि तुझा सगळ्यात जास्त… माफी कसली मागतेस, पाच वर्षांची होतीस तू, तुला काय कळत होतं! तरी येतोय. इतकी वर्षं येतोय, सांगायची कुणाला चोरी. शहाणी ना मी!

ऐक. फोन ठेव आता… हो, रागावलेय, म्हणूनच ठेव म्हणतेय. तुझ्याशी बोलत बसले तर निवेल सगळं, मग पुन्हा गोड गोड लिहीन मी… कागद आहे, पेन कुठे गेलं मेलं… नाही, नंतरही फोन करू नकोस. आणि बाईंना यातलं अक्षर सांगायचं नाही, समजलं? सगळं तूच नको सांगूस त्यांना. हे बुधवारी मी सांगणार. मी… हो गं, ठेव. ठेव, ठेव, ठेव!