सोमवारचा हात

तू थांब. बाकीच्या जाऊ देत, तू थांब जरा — अगं, ओरडणार नाहीये मी, बस ना. आणि ती पट्टी ठेव टेबलावर. रबराची पट्टी गं, मी भाषणात दाखवायला आणते ती! उचलताना दिसलीस मला. बोटं गेलीत माझी, डोळे नाही गेले. — हां, राहू दे तिथेच.

कशाला हवी होती? नको सांगू, माहितीये. पत्रा दाबायच्या प्रेसला दोन बटणं, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो — म्हणजे हात आत राहायलाच नको, किती साधी गोष्ट! आणि आपण काय करतो? एक बटण पट्टीनं आवळून टाकतो, एक हात मोकळा, नग दुप्पट. मीही तेच केलं. शिफ्ट संपायला दहा मिनिटं होती, आणि मी शेजारणीला जावेचं गाऱ्हाणं सांगत होते. चार बोटं. आधी दुखलंसुद्धा नाही, नुसता आवाज आला. — हे आत्ताच ऐकलंयस तू, तरी परत सांगतेय बघ. सवय झालीये जिभेला.

पण पुढचं भाषणात नसतं. सात महिने भिंतीकडे तोंड करून पडून होते. नवरा वेणी घालायचा माझी — वाकडी घालायचा, पण घालायचा — आणि मी त्याच्यावरच खेकसायचे, मला कशाला जगवलंस म्हणून. मग साहेबांचा निरोप आला. दर सोमवारी नव्या मुलींना दोन शब्द सांगाल का? दोन शब्द! पहिल्या सोमवारी आधी हात खिशातच ठेवला होता. खिशातला हात बाहेर काढला, वर धरला — आणि शेवटी एक मुलगी आली, हाच हात धरला, म्हणाली, मावशी, जुन्या कारखान्यात मी पट्टी लावायचे, इथे नाही लावणार. त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवले गं मी. अकरा वर्षं झाली. एक सोमवार चुकवला नाही — सासरे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा आले, जाऊ अजून टोमणे मारते त्यावरून. बाजारात बायका थांबवतात मला, माहितीये? एकीनं तर हे काम सोडलं, गाडी शिकली, आता शाळेची बस चालवते. मला बघून हॉर्न वाजवते! हे माझंच ना? मी मेले तरी या बायकांची बोटं मागे राहतील, असं मी म्हणायचे. नवऱ्याचे कान किटले ऐकून.

ती गालावर खळीवाली, तिचं ऐकलं असशील ना तू? तीन आठवड्यांपूर्वी जिचा हात गेला ती. माझ्या भाषणाला पहिल्या ओळीत बसली होती, घळाघळा रडली होती. दवाखान्यात गेले तर माझ्याकडे बघेना. आई म्हणाली, तुम्हीच ना त्या मावशी? पोरीनं घरी येऊन करून दाखवलं होतं, पट्टी कशी बांधतात ते. — मी शिकवलं गं तिला! मीच उभी राहते तिथे, अंगठ्यानं आणि दातांनी दोन वेढे देते, वरून गाठ मारते, आणि म्हणते, असं कधी करू नका. अकरा वर्षं! किती जणींना शिकवलं असेल? आणि तरी आज पुन्हा आणलीच. का माहितीये? नुसतं बोलले की तुम्ही जांभया देता. गाठ मारायला लागले की सगळ्यांच्या माना वर होतात. मला — मला ते आवडतं गं. झालं, बोलून गेले.

नवऱ्याला सांगितलं नाहीये यातलं काही. आज म्हटलं, एक तरी मुलगी धरून बसवायची आणि वदवून घ्यायचं तिच्याकडून. म्हण, मावशी, नाही लावणार. एवढंच म्हण. भाषण बंद करू का मी? करते बंद! पण मग मी कोण? भिंतीकडे तोंड करून पडलेली बाई? सांग ना काहीतरी —

काय? मोठ्यानं बोल. गुरुवारीच? तू आलीस त्याच दिवशी, लाइनवरच्या ताईनं शिकवलं? — सगळ्याच लावतात? सगळ्या म्हणजे किती? — आणि माझं भाषण झालं की? झालं की तशाच जाऊन लावतात. म्हणजे खळीवालीलाही आधीपासून येत होतं... मग ही का उचललीस? तुझी तुटली म्हणून. आणि सुपरवायझरच्या खणात डबाभर आहेत, त्याला मागायची लाज वाटली.

नाही. नाही, तसं नसणार. तिची आई स्वतः म्हणाली मला. तू कालची आलेली, तुला काय कळतंय? माझ्यामुळेच झालं ते. हो म्हण ना. पाया पडते तुझ्या, हो म्हण, तुमच्यामुळे झालं म्हण — अकरा वर्षांत निदान तेवढं तरी माझ्यामुळे...

जा. शिट्टी झाली. जा तू.