वाचून दाखव म्हणायची लाज

मंडळी, ऐका! आपल्याच माणसाला “हा कागद वाचून दाखव” म्हटलं, तर तो अविश्वास का हो? बघा, माना हलल्या! पुढच्या रांगेतल्या काकांची जरा जास्तच हलली. असू द्या, नाव नाही घेत!

तर द्वारकाबाई. नवरा लवकर गेला, पोटी मूल नाही. तीस वर्षं विड्या वळून बाईनं दोन खोल्या बांधल्या! आता गुडघे गेले. विजेचं मीटर नावावर करायचं, तर कचेरी माडीवर! भाचा म्हणाला, “आत्या, तू कशाला चढतेस? मला कुलमुखत्यारपत्र दे. तुझ्या वतीनं मी सह्या करतो.”

चौथी शिकलेली बाई! वाचता येत होतं. पण चष्मा घरी, आणि भाच्याला ‘वाच’ म्हणायची लाज! नोटरी वकिलाच्या दाराशी, रिक्षात बसूनच सही केली. कुठं? जिथं त्यानं बोट ठेवलं तिथं!

महिन्याभरानं दारात एक गृहस्थ. हातात टेप — खोल्या मोजतोय! “आजी, तुम्ही लेकीकडे राहायला चाललात ना? भाच्यानं सांगितलं. परवा खरेदीखत आहे.”

लेकीकडे? अहो, लेक होती कुठं?

द्वारकाबाईंनी त्याच्याकडची कागदाची नक्कल घेतली, चष्मा लावून वाचली. मीटरच्या कागदात घर विकायचा अधिकार लिहिलेला! पण रडत बसल्या नाहीत. तडक वकीलबाईंकडे. त्याही माडीवरच! बाई बसत बसत, एकेक पायरी चढल्या.

वकीलबाई म्हणाल्या, “आजी, दिलं तुम्ही, रद्दही तुम्हीच करायचं. आजच! भाच्याला नोटीस, घेणाऱ्यालाही नोटीस. कायदा सुधारा म्हणून आम्हा वकिलांचा सरकारकडे अर्ज गेलाय — मुखत्यारपत्र देणाऱ्याला एकटं बसवून, वाचून दाखवूनच सही घ्या. पण होईल तेव्हा होईल!”

रद्दपत्र लिहून झालं. द्वारकाबाई म्हणाल्या, “आता वाचा. सगळं.” आणि मगच सही केली! घर वाचलं.

भाचा धावत आला. “आत्या, माझ्यावर विश्वास नाही?”

“होता रे. म्हणून तर घर विकायला निघालास!”

मंडळी, कायदा बदलायलाच हवा. पण तुमच्या घरात कायदा कोण? तुम्हीच! आईपुढे कागद ठेवाल, तेव्हा तिनं मागायची वाट बघू नका. आधी चष्मा द्या, मग वाचून दाखवा. आणि वाचताना एखाद्या ओळीवर आवाज अडखळला — तर तो कागद तिथंच फाडा!