रुमाल टाकलेली सीट

ठाण्याच्या खोपट एसटी स्टँडला भिवंडीची गाडी लागली. दौलतरावांनी जागेवर बसून पेपर उघडला, पण कान पुढच्या सीटवरच्या मायलेकींकडेच होते.

“संचिता, परीक्षेला एवढं काय घाबरतेस?”

“आई, विधिशास्त्र आहे. कायदा म्हणजे नेमकं काय, हेच विचारतात. डोक्यात शिरतच नाही.”

“त्यात काय! मघाशी मी खिडकीतून रुमाल टाकला, म्हणून सीट आपली झाली. हा कायदाच की.”

“अगं, पण तो लिहिलाय कुठे?”

“लिहायला कशाला हवा? सगळे मानतात ना?”

“आणि एखाद्याने नाही मानला तर?”

“अख्खी गाडी भांडेल त्याच्याशी.”

“थांब, थांब! हे पुस्तकात आहे गं. रूढी!”

तेवढ्यात काठी टेकत एक आजी गाडीत चढल्या. आई चटकन उठली.

“आजी, बसा इथे. संचिता, तू बसून वाच गं.”

“मग तुझ्या कायद्याचं काय झालं?”

“कायदा खराच आहे. पण म्हाताऱ्या माणसाला उभं ठेवून तो चालवायचा नसतो.”

“का नसतो? हेच तर विचारतात!”

“थांब, सांगते,” आई वरचा दांडा धरत म्हणाली. दौलतराव पेपर मिटून उठले.

“ताई, माझ्या जागेवर बसा. पण उत्तर सुचलं की मोठ्याने सांगा, मलाही ऐकायचंय.”