दारामागची मुलाखत

संचिता : म्हणजे त्या माणसाला तू पाहिलंच नाहीस.

रोहित : ऐकलं, ताई. अगदी नीट ऐकलं.

संचिता : ऐकण्याचा प्रश्न फॉर्ममध्ये नाहीये. 'माहिती देणाऱ्याला समोर पाहिलं का?' असं विचारलंय, आणि तू 'होय' दाबलंयस. काल संध्याकाळी तुझी घरं तपासायला मी निघाले, तेच प्रश्न पुन्हा विचारत. चार घरं ठीक. पाचव्या घरातले ते म्हातारे, दाजी, म्हणतात, कोणी आलं नव्हतं. त्यांची सून म्हणते, कोणी आलं नव्हतं. आता ऑफिसात काय सांगू मी?

रोहित : तपासणी जुळली नाही, असं सांगा.

संचिता : तसं सांगितलं की तुझे या आठवड्याचे चाळीसच्या चाळीस फॉर्म रद्द. आणि पुढच्या सर्वेच्या यादीतून नाव गेलं. ठाऊक आहे ना?

रोहित : ठाऊक आहे.

संचिता : मग असा शांत कसा बसलायस? चहा घे, साय धरली त्यावर. चहाचा सर्वे करतोस आणि स्वतःचा चहा गार करतोस.

रोहित : तुम्ही हे मला ऑफिसात बोलावूनही विचारू शकला असता. टपरीवर का?

संचिता : कारण बारापैकी अकरा उत्तरं जुळली. चहा किती वेळा, गूळ की साखर, पावडर कोण आणतं, सगळं. जिन्यात बसून भरलेला फॉर्म एवढा जुळत नाही रे. मी भरलाय, म्हणून सांगते.

रोहित : तुम्ही?

संचिता : पहिल्या वर्षी. साबणाचा सर्वे होता, सिल्व्हर पार्कात. कोणी दार उघडेना. 'नहीं चाहिए, भैया,' म्हणायचे, मी भैया नाही हेही न बघता. शेवटी पायरीवर बसून सगळ्या घरांना माझाच साबण लिहिला. चाळीस घरं एकाच साबणानं आंघोळ करत होती. हसू नकोस.

रोहित : पकडलं नाही कुणी?

संचिता : पकडलं ना. म्हणून तर मी तपासणीवर आले, चोराला चोरवाटा कळतात म्हणून असेल. आता सांग. लोकेशन त्याच इमारतीचं आलंय, पण लोकेशन जिन्याचंही येतं. खरं काय झालं?

रोहित : त्या दारावर ती माझी तिसरी खेप होती. तिसऱ्यांदा बंद मिळालं की 'घर बंद' लिहून शेजारचं घर घेता येतं. मी ते लिहायलाच बसलो होतो. तेवढ्यात आतून आवाज आला, 'कोन हाय?' मी माझं नाव सांगितलं, काम सांगितलं. म्हटलं, दार उघडता का? ते म्हणाले, 'उघडलं असतं.' बस, एवढंच. मग मीच म्हटलं, असंच विचारू का? म्हणाले, 'इचार.'

संचिता : आणि तू विचारलंस. बंद दाराला.

रोहित : ताई, दिवसाला साठ दारं होतात. त्यांतली पन्नास मी काय बोलणार हे कळण्याआधीच नाही म्हणतात. कधी नुसता दाराच्या भिंगामागे अंधार होतो, त्यावरून कळतं की कोणी बघतंय. या दारानं मला पाहिलंच नाही, तरी सगळं ऐकून घेतलं.

संचिता : मग 'समोर पाहिलं नाही' लिहायचं होतं.

रोहित : लिहिलं असतं, तर विचारलं गेलं असतं, का नाही पाहिलं. मला तेव्हा कारण कळलं नव्हतं. म्हणून फॉर्म तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला पुन्हा गेलो, निदान चेहरा पाहू म्हणून. सून बाहेर पडत होती. शेवंती नाव. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या कामाला जातात. त्यांनी दार ओढलं आणि बाहेरून कुलूप लावलं.

संचिता : कुलूप? म्हातारा माणूस आत असताना?

रोहित : मीही असंच बोललो. त्या घाबरल्या. म्हणाल्या, नवरा बोटीवर असतो, वर्षातून दोन महिने घरी. मागच्या मार्गशीर्षात दाजी दार उघडून निघाले ते दोन दिवसांनी डोंगरीला सापडले, अनवाणी. बसमध्ये कसे चढले, कोणालाच माहीत नाही. तेव्हापासून कुलूप. दुसरी किल्ली शेजारच्या आशाकाकूंकडे असते. त्या दोन वाजता जेवण देतात, तासभर बसतात. शेवंतीबाई म्हणाल्या, 'दादा, हे कुठं लिहू नका. बिल्डिंगमध्ये आधीच बोलतात.' म्हणून मी 'होय' दाबलं.

संचिता : आणि म्हणून ती काल माझ्यासमोर 'कोणी आलं नव्हतं' म्हणाली. तुझ्यामुळे तिचं कुलूप उघडं पडेल म्हणून. बरं. पण दाजींना खोटं बोलायचं काय कारण?

रोहित : ते मला माहीत नाही. ते खोटं बोलले असतील, असं वाटत नाही.

संचिता : चल, ऊठ. अकरा वाजतायत. मलाही ते दार बघू दे.

(खारी भागातली जुनी इमारत, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर बंद दार. कडीला बाहेरून कुलूप.)

रोहित : दाजी, मी रोहित. मंगळवारी आलो होतो. चहाचं विचारलं होतं.

दाजी : कोन रोहित? मंगळवारी कोन न्हाय आलं.

संचिता : दाजी, मी संचिता. काल संध्याकाळी आले होते. तुमच्या पलंगाशेजारी बसले होते. तुम्ही मला शेंगदाणे दिलेत, खारे.

दाजी : काल?

संचिता : काल. तुमच्या सुनेनं पंखा लावला माझ्यासाठी.

दाजी : शेंगदाने हायत घरात. पन काल कोन न्हाय आलं, बाय. आलं असतं तर ध्यानात न्हाय का राहिलं असतं?

संचिता : रोहित.

रोहित : हो, ताई.

संचिता : पाऊण तास बसले होते मी त्यांच्यासमोर.

दाजी : आवाज दोन येतात. किती जनं हाव?

संचिता : दोघंच. दाजी, चहाबद्दल चार गोष्टी विचारायच्या होत्या. विचारू?

दाजी : इचार की. मला कुठं जायाचंय.

संचिता : टॅब दे इकडे. दाजी, दिवसातून किती वेळा चहा पिता?

दाजी : एक येळ. सून देते त्यो. दुपारचा, कोन आलं तर.

संचिता : साखरेचा की गुळाचा?

दाजी : गुळाचा. साखरंचा चहा म्हंजे हाटेलातला.

रोहित : मंगळवारी हेच म्हणाले होते. हेच शब्द.

संचिता : एकट्यानं पिता, की कोणासोबत?

दाजी : रेडिओ लावतो. त्याला चहा लागत न्हाय, तेवढंच बरं हाय.

संचिता : बाराही प्रश्न झाले. बाराच्या बारा उत्तरं तुझ्या फॉर्मसारखी, काल न जुळलेलंही. तुझं 'समोर पाहिलं' बदलतेय मी. 'नाही.' आणि माझ्या आजच्या तपासणीतही 'नाही.'

रोहित : मग चाळीस फॉर्म गेले.

संचिता : थांब जरा. खाली शेऱ्याची जागा आहे. 'दार उघडलं नाही. माहिती देणारे दारामागून बोलले. मी स्वतः तसंच विचारलं, सर्व उत्तरं जुळली. मी काल भेटले, तेही त्यांना आठवत नाही. सबब त्यांच्या "आलं नव्हतं" वरून रोहितचं काम खोटं ठरवू नये.' खाली माझं नाव. अकरा वर्षांत तिथं कधी काही लिहिलं नव्हतं.

रोहित : आणि कुलूप?

संचिता : कुलपाचं ऑफिसनं विचारलेलं नाही. शेवंतीला रविवारी मी भेटेन, ते माझं माझं.

रोहित : ऑफिसनं मानलं नाही तर?

संचिता : तर पुढच्या सर्वेत दोघांचीही नावं नसतील. मानतील की नाही, मलाही बघायचंय.

दाजी : गेलात काय?

रोहित : ताई, फॉर्म तर संपला.

संचिता : नाही दाजी, इथंच आहोत. अजून तीन प्रश्न राहिलेत.