चराईच्या जमिनीवरचा अर्ज

शेजारच्या गावची चराईची जमीन प्लॉटांसाठी जाणार, हे सोमवारी कळलं. मंगळवारी त्या गावचे देवमन आणि त्यांची बायको पंचफुला तहसिलीच्या रांगेत माझ्या पुढं होते. हरकतीचा अर्ज पंचफुलाबाईच्या हातात होता.

“सह्या किती हायेत यावर?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“साठ. घरोघरची एक.”

“बाया कुठं हायेत?”

“माणसानं केली म्हंजे घराची झाली.”

“बकऱ्या घेऊन रोज तिथं कोण जाते, तुमी? तरोट्याची भाजी कोण खुडते? सरपण कोण आणते?”

“माये गुडघे दुखतात.”

“तिथला पळस कोणत्या बाजूनं हाये, तेबी सांगता याचं नाही तुमाले.”

“येते. लग्नाच्या आधी तुले त्याच्याखाली भाकर खाताना पाह्यलं व्हतं.”

“अन् आता सांगून राह्यले?”

“तू इचारलं कधी?”

ती माझ्याकडं वळली.

“दादा, तुमची घरवाली जाते का रानात?”

“जात व्हती. गेल्या पौषात वारली.”

“मंग तुमी आमच्या पुढं व्हा.”

“मले घाई नाही, बाई.”

“तरी व्हा. आमी वापस चाललो.”

“काहून वो? नंबर आला नं आता,” देवमन म्हणाले.

“येऊ द्या. शुक्रवारपरेंत मुदत हाये. शाईचं पॅड इकत घ्या अन् चाला.”

“साऱ्या बायाइचे अंगठे घेशीन?”

“तुमी कागद धरा फक्त.”

दोघं रांगेतून निघाले. साठ घरांतल्या एकाही बाईचा अंगठा अजून अर्जावर नव्हता.